लॅपटॉप आय-७ आहे, पण किती वॅटचा? विदर्भातल्या उन्हाळ्यात गेमिंग लॅपटॉप का मंदावतो

बारावी, सीईटी, ॲडमिशन झालं की मारेगाव-वणीकडची पोरं मला हमखास एकच प्रश्न विचारतात: "दादा, ऐंशी हजारात कोणता गेमिंग लॅपटॉप घेऊ?" पुढे दोन नावं ठरलेली असतात, आय-७ आणि आरटीएक्स ४०६०. वॅट किती, हे सहसा कोणी विचारत नाही. खरं तर लॅपटॉप किती पळणार, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरतं.

एकच चिप, वेगवेगळा वेग

प्रोसेसर वीज खातो आणि तिची उष्णता करतो. म्हणून त्याला दोन मर्यादा असतात. पीएल१ म्हणजे तो सतत किती वॅट घेऊ शकतो आणि पीएल२ म्हणजे थोड्या वेळासाठी किती. इंटेल आय-७ १३७००एच चं उदाहरण घ्या. त्याची मूळ पॉवर ४५ वॅट आणि टर्बोमधली कमाल ११५ वॅट. गेम सुरू झाला की तो जोरात पळतो आणि थोड्या वेळाने पीएल१ वर उतरतो. हा पीएल१ किती ठेवायचा, ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. म्हणजे प्रोसेसर तोच असला तरी जाड लॅपटॉपमध्ये तो जास्त काम करेल आणि पातळ लॅपटॉपमध्ये कमी.

ग्राफिक्स कार्डाचंही तसंच. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० हे ३५ ते ११५ वॅट अशा कुठल्याही मर्यादेवर मिळू शकतं. स्टिकर सेम, पण गेममधल्या एफपीएसमध्ये मोठा फरक. या गोंधळावर टीका झाल्यावर २०२१ च्या सुरुवातीला एनव्हिडियाने सांगितलं, की लॅपटॉप कंपन्यांनी आपल्या वेबसाइटवर ग्राफिक्सची पॉवर छापलीच पाहिजे. पण आपण खरेदी करतो शॉपिंग ॲपवरून नाहीतर तालुक्याच्या दुकानातून, आणि तिथे हा आकडा शोधूनही सापडत नाही.

४२ अंशांचं गणित

थ्रॉटलिंगचा दुसरा प्रकार तापमानाचा. आजकालच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. हा बिघाड नाही, चिप वाचवायची सोय आहे.

आता आपल्या खोलीचं बघू. लॅपटॉपची उष्णता बाहेर फेकली जाते ती चिप आणि खोलीची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. खोली २५ अंशांवर असेल तर फरक ७५ अंशांचा. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी खोली ४२ वर गेली तर फरक उरतो फक्त ५८. म्हणजे पंखे तेच, फिरण्याचा वेग तोच, तरी उष्णता बाहेर टाकायची क्षमता जवळपास २३ टक्क्यांनी घटली. जी मशीन पुण्यातल्या एसी ऑफिसात १०० वॅट सहज पेलते, ती मारेगावात ७७ च्या आसपास अडकते.

एक दिलासा आहे. वॅट २३ टक्के घटले म्हणून वेग तेवढा घटत नाही. वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावं लागतं, त्यामुळे शेवटच्या थोड्या वेगासाठी चिप खूप जास्त वीज खाते. थोडा वेग सोडला तर बरीच उष्णता वाचते. खालचे उपाय याच गोष्टीवर चालतात.

अनेक कंपन्या लॅपटॉपच्या माहितीत वापरण्याचं तापमान ३५ अंशांपर्यंतच लिहितात. विदर्भात एप्रिल-मेमधली दुपार म्हणजे त्याच्याबाहेरचाच वापर. यूट्यूबवरचे बरेचसे रिव्ह्यू मात्र थंड खोलीत होतात.

फोनही याला अपवाद नाही

मार्च २०२२ मध्ये सॅमसंगच्या फोनमधली गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस वादात सापडली. गेम आणि इतर ॲप्सचा वेग ती मर्यादित ठेवत होती, पण बेंचमार्क ॲप्सचा नाही. त्यानंतर गीकबेंचने गॅलेक्सी एस१० ते एस२२ या मालिका आपल्या यादीतून काढल्या. उष्णता आवरणं चूक नव्हतं. ग्राहकाला अंधारात ठेवून मोजमाप वेगळं दाखवणं चूक होतं.

मग करायचं काय?

घेण्याआधी: कंपनीच्या वेबसाइटवर त्याच मॉडेल नंबरची ग्राफिक्स पॉवर बघा. प्रोसेसरचा आकडा तिथे नसेल तर असा रिव्ह्यू शोधा ज्यात गेम निदान अर्धा तास चालवलाय. अगदी सुरुवातीचे आकडे पीएल२ चे असू शकतात, त्यांच्यावर जाऊ नका.

घेतल्यावर: एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका. गेम चालू असताना त्यात वॅट, तापमान आणि थ्रॉटलिंग होतंय की नाही ते दिसतं. रिटर्नची मुदत संपायच्या आत हे तपासा.

उन्हाळ्यात: गेमचे एफपीएस ६० वर लॉक करा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली की टर्बो सहसा बंद होतो आणि तापमान चांगलंच उतरतं. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, मागची बाजू थोडी उचला. आपल्याकडे कापसाची रुई आणि धूळ भरपूर, ती पंख्याच्या जाळीत अडकते, म्हणून वर्षातून एकदा तरी सफाई करून घ्या. कूलरने खोली थंड होते ते चांगलंच, पण त्याच्या तुषारांसमोर लॅपटॉप नको. लाइन गेल्यावर बॅटरीवर वेग पडला तर घाबरू नका, बॅटरी गेमिंगला लागणारे वॅट देऊच शकत नाही.

माझ्या मते हा प्रश्न फक्त हौशी गेमर्सचा नाही. ज्या घरात एक हंगाम कापूस विकून किंवा ईएमआयवर लॅपटॉप येतो, तिथे तो चार वर्षं टिकायला हवा. एसी घेताना आपण बीईईचे स्टार बघतो, गाडी घेताना मायलेज विचारतो. लॅपटॉपच्या खोक्यावरही 'सतत इतके वॅट, इतक्या तापमानाला' ही एक ओळ छापायला कंपन्यांना काहीच अवघड नाही. ती येईपर्यंत दुकानदाराला विचारा: "भाऊ, ग्राफिक्स किती वॅटचं आहे?" त्याला माहीत नसेल तर बिल करण्याआधी तिथेच फोन काढा आणि कंपनीच्या साइटवर बघा.