पडून राहिलेली मोटार

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ गेल्या आठवड्यात आम्हांस भेटावयास आले. आदिलाबादजवळच्या एका जुन्या वाड्यात त्यांनी एक बुइक मोटार पाहिली होती. तीस वर्षे ती जागची हललेली नाही. मालक ती विकावयास तयार आहेत. "फादर, घ्यावी काय?" असा त्यांचा प्रश्न. पैसे हाताशी होते, पण ते मुलीच्या शिक्षणाकरिता राखून ठेवलेले.

आम्ही मोटारींचे जाणकार नव्हे. परंतु आमचा जिल्हा १९४८ पर्यंत ज्या निजामाच्या राज्यात होता, तेथील एक उदाहरण आम्हांस आठवले. सहावे निजाम महबूब अली खान यांनी विलायतेहून एक रोल्स-रॉईस मागविली होती. ती हाती येण्यापूर्वीच १९११ साली ते निवर्तले व मोटार त्यांचे चिरंजीव उस्मान अली खान यांजकडे गेली. समारंभाखेरीज ती फारशी बाहेर पडलीच नाही. पुढे तिची दुरुस्ती करावी लागली, व आता ती पिवळी मोटार हैदराबादेत चौमहल्ला राजवाड्यात लोकांस पाहावयास ठेवली आहे. न वापरलेली वस्तू टिकते, ही समजूत किती फसवी आहे!

मोटार उभी राहिली म्हणजे टाकीतील पेट्रोलाचा चिकटा होतो, रबराच्या नळ्या तडकतात, ब्रेकमध्ये गंज धरतो, विजेच्या तारा उंदीर कुरतडतात. अशी मोटार एकदम चालू करू पाहणे म्हणजे इंजिनाची हानी ओढवून घेणे. प्रथम सिलिंडरांत थोडे तेल सोडून इंजिन हाताने फिरते की नाही, हे कुशल मेस्त्रीकडून पाहावे. नोंदणीपुस्तकातील इंजिन व चासीचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून घ्यावेत. विकत घेण्याची किंमत हा खर्चाचा केवळ आरंभ होय.

कायद्याचाही विचार हवा. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. तिचे शुल्क २०,००० रुपये व मुदत दहा वर्षे ठरविण्यात आली. मात्र अशी नोंदणी केलेली गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरास मनाई आहे. म्हणजे मुलीस त्या मोटारीतून कॉलेजात पोहोचविण्याचे गृहस्थांचे स्वप्न तेथेच संपले.

आम्ही त्यांस इतकेच विचारले, "गाडी घेतल्यावर तिची निगा राखण्यास दरमहा काय उरेल?" ते बराच वेळ गप्प राहिले. अखेर म्हणाले, "मुलीचे पैसे मुलीचेच. मेस्त्रीला मात्र एकदा दाखवून येतो."

वाचकहो, हौस वाईट नव्हे. पण तिच्यापायी दुसऱ्याचा वाटा खर्ची पडणार असेल, तर वाड्यातली मोटार आणखी काही वर्षे तेथेच उभी राहिली तरी चालेल.