मालगाडीची मागणी कोण करणार?

इंदूर-मनमाड रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि आपल्याकडे आनंदीआनंद झाला. पुणे जवळ येणार, नाशिकला लेकीकडे पटकन जाता येणार, त्र्यंबकेश्वर घडणार! आनंद रास्तच आहे. पण मंजुरीतले आकडे पाहा. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये आणि वर्षाला सुमारे २ कोटी ६० लाख टन माल. पिथमपूरचे कारखाने न्हावा शेवा बंदराशी थेट जोडणे हे त्यातले मोठे कलम आहे. नेमकी याच कलमाबाबत आपल्या मराठी मंडळांची निवेदने मूग गिळून आहेत.

आज काय होते? सडकेने मुंबई जवळपास ६०० किलोमीटर, तर रेल्वेने रतलाम-वडोदऱ्याचा वळसा घालून सुमारे ८३०. साहजिकच माल ट्रकवर चढतो आणि बिजासन घाट उतरतो. जुलै २०२३ मध्ये धुळे जिल्ह्यात पळासनेरला ब्रेक निकामी झालेला अवजड ट्रक हॉटेलात घुसला, किमान दहा माणसे गेली. या रस्त्याने गावी जाणारे आपणच आहोत ना?

ट्रक, रेल्वे आणि जहाज मिळून माल नेण्याला सरकारी नाव भारदस्त आहे, मल्टिमोडल. अर्थ साधा. पेटी कारखान्यात भरायची, सील लावायचे आणि मुक्कामीच उघडायची. मध्ये वाहने बदलतात, पेटी उघडत नाही. १९९३ च्या कायद्याने कागदही एकच आणि माल ताब्यात घेतल्यापासून पोचेपर्यंत जबाबदारीही एकाचीच. मात्र हा कायदा देशाबाहेर जाणाऱ्या मालापुरता. देशातल्या देशात माल फुटला, तर ट्रकवाला रेल्वेकडे बोट दाखवणार आणि रेल्वे ट्रकवाल्याकडे. व्यापारी मध्ये लोंबकळत!

शिवाय पेटी दर वेळी उचलायला पैसे पडतात. म्हणून रूळ आले की माल आपोआप रेल्वेवर येतो, ही भाबडी समजूत आहे. टिहीला कंटेनर डेपो आहे. पण ज्याचा माल अर्धी पेटीही भरत नाही, त्या लहान कारखानदाराचे काय? चौघांचा माल एका पेटीत घालून देणारी सोय आणि ठरलेल्या वाराला, ठरलेल्या वेळी सुटणारी गाडी मिळाली, तरच तो ट्रक सोडेल. नाहीतर मोठ्यांची सोय आणि आपल्या वाट्याला स्टेशनावरची पाटी.

मनमाडच्या पुढचे तर कोणी बोलतच नाही. तिथून मुंबईकडे जायचे म्हणजे इगतपुरी-कसारा घाट. सदतीस फुटांना एक फूट असा चढ. वर येणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिने लावावी लागतात. त्याच वाटेवर इंदूरच्या मालगाड्यांची भर पडणार. घाटात वाट मोकळी झाली नाही, तर आपला माल इगतपुरीला उभा राहील.

हे इंदूरला नवे नाही. १८७० मध्ये तुकोजीराव होळकरांनी (दुसरे) खांडव्याच्या रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये दिले, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांसाठी. पैसा होळकरांचा, पण रुळांचे माप ठरवले कलकत्त्याने. मार्ग झाला मीटर गेज आणि खांडव्याला मुंबईची ब्रॉड गेज. म्हणजे पोत्यामागून पोते हमालांच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्यात! कित्येक पिढ्यांनी त्या हमालीचे पैसे मोजले.

नवा मार्ग २०२८-२९ पर्यंत पुरा करायचे उद्दिष्ट आहे. आराखड्यात फेरफार करायचे असतील तर ते आत्ताच. तेव्हा मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनो, खासदारांकडे जाल तेव्हा पुण्याच्या गाडीची मागणी जरूर करा. पण तिच्या वर लिहा: लहान मालासाठी टिहीत सोय, वेळापत्रकाची मालगाडी, देशांतर्गत मालालाही एकच जबाबदार वाहतूकदार आणि कसाऱ्याच्या घाटात वाढीव मार्ग कधी, याचे लेखी उत्तर.