पान हिरवे, बोंड किडके. विमा कशावर ठरणार?



पूर्वी तलाठी बांधावरून नजर टाकून आणेवारी लिहीत असे. कधी बांधापर्यंतही येत नसे. आता ती नजर आभाळात गेली आहे. केंद्राच्या पीक विमा योजनेत 2023 च्या खरिपापासून उपग्रहाच्या आधारे काढलेल्या उत्पन्नाला किमान 30 टक्के वजन देण्याची पद्धत आली. सुरुवात भात आणि गव्हापासून झाली. पण हे प्रकरण कापूसवाल्यांनी नीट समजून घ्यायला हवे.

उपग्रह कापूस मोजत नाही. तो पानावरून परतलेला उजेड मोजतो. पान हिरवे दिसते ते हरितद्रव्यामुळे. त्याच्या कणाच्या मधोमध मॅग्नेशियम असते, भोवती नत्र. दोन्ही पुरेसे असले की पान तांबडा उजेड गिळते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड भरपूर परत फेकते. या दोहोंतला फरक मोठा, म्हणजे पीक जोमदार, असा हिशेब. मॅग्नेशियम, नत्र तुटले की हरितद्रव्य घटते, तांबडा उजेड जास्त परततो, फरक आटतो. आपला लाल्या वरून असा दिसतो. शास्त्र खरे आहे, आमचे भांडण त्याच्याशी नाही.

भांडण आहे पान पाहून बोंडाचा भाव करण्याशी. 2017 साली विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने काय केले ते आठवा. पऱ्हाटी हिरवीगार, आणि बोंड फोडले तर आत अळी अन् कवडी. पानातले मॅग्नेशियम, नत्र जागच्या जागी होते! वरून पाहणाऱ्याने त्या वर्षी काय लिहिले असते? युरिया जास्त होऊन नुसती माजलेली पऱ्हाटी घ्या. पाते गळाले तरी वरून हिरवळच. दिवाळीच्या पावसात फुटलेला कापूस झाडावर भिजला, तर पान त्याची साक्ष देत नाही. ज्वारीचेही तेच. दाणा भरल्यावर पाऊस लागला की कणीस बुरशीने काळे पडते, धांडा मात्र हिरवा उभा.

सेंटिनेल-2 या युरोपच्या उपग्रहाचा एक ठिपका 10 मीटर लांब, 10 मीटर रुंद, म्हणजे साधारण एक गुंठा. कपाशीत तुरीचे तास असले की दोन्हींचा उजेड त्यात मिसळला. श्रावणात ढग असले तर तेही नाही.

म्हणून कापसाचे उत्पन्न वेचणीच्या वजनावरच ठरले पाहिजे, सगळ्या वेचण्या धरून, आणि कापणी प्रयोगाला शेतकरी हजर ठेवून. पानाचा उजेड वापरायचाच असेल तर लाल्या शेतभर पसरण्याआधी वापरा. हरितद्रव्य कुठे घटते आहे ते वेळेवर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. मॅग्नेशियम सल्फेट आम्ही आमच्या पैशाने फवारू, अनुदान नको. भरपाई ठरवताना जो उपग्रह दिसतो तो फवारणीच्या दिवसांत कुठे असतो?

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने यंदाच्या वेचण्यांची वजने तारीखवार लिहून आणावीत. विमा कंपनीच्या आकड्याशेजारी तीच मांडायची आहेत.