एक उन्हाळा कामाचा

आपल्या मंडळातल्या मुलामुलींनी कॉलेजच्या चार वर्षांतला निदान एक उन्हाळा साताऱ्यात किंवा सांगलीत काढावा, आणि तोही आजीकडे पाहुणा म्हणून न राहता, कुणाच्या तरी हाताखाली कामाला लागून, असं माझं ठाम मत आहे. जानेवारी उलटला की अमेरिकेत आपल्या घरोघरी इंटर्नशिपची धावपळ सुरू होते. ती मिळाली नाही तर घरात सगळ्यांचीच तोंडं उतरतात. विशीतल्या मुलाचे तीन मोकळे महिने म्हणजे रेझ्युमेवरची एक ओळ, यापलीकडे आपण पालक विचारच करत नाही.

सातारा-सांगलीच का? शिकणाऱ्या पोरानं राबलंही पाहिजे, हा विचार तिथे संस्था होऊन उभा राहिला म्हणून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवायची. स्वयंपाक, शेतकाम, लाकूडफाटा सगळं स्वतः करायची. पैसे कमी पडले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तिथेही ‘कमवा आणि शिका’ हाच पाया. ही योजना गरिबांच्या फीची सोय होती, एवढंच आपण धरून चालतो. मला तिचं दुसरं अंग अधिक मोलाचं वाटतं. स्वतःच्या कष्टाची भाकरी खाऊन वर्गात बसलेला मुलगा कुणाच्याही उपकाराखाली नसायचा, आणि हातानं काम करणाऱ्या माणसाला तो कमी लेखत नसे.

आपली मुलं इथेही कॅम्पसवर काम करतात, हे कुणी सांगेल आणि ते खरंच आहे. मात्र त्या कामाकडे आपण खर्चाला हातभार म्हणून बघतो. त्यातून ती काय शिकली, हे किती जण विचारतात?

दहा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवायचं, फोटो काढायचे आणि परत यायचं, याला माझा स्पष्ट विरोध आहे. एवढ्यात शाळेच्या हाती काही लागत नाही, शिक्षकांचा वेळ मात्र सरबराईत जातो. तिथे शिकवायला जाऊ नये, शिकायला जावं. किर्लोस्करवाडीत १९१० पासून कारखाना आहे. साताऱ्यात कूपरचा १९२२ पासून. त्यांच्या आसपास वाढलेल्या लहान वर्कशॉपांत आणि फाउंड्र्यांत मेकॅनिकलच्या मुलाला दोन महिने घालवता येतील. वाणिज्य शिकणाऱ्या मुलीनं सांगलीच्या मार्केट यार्डात एखाद्या अडत्याच्या पेढीवर बसावं. हळकुंड मोडून, आतला रंग बघून भाव कसा ठरतो, शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली-तोलाई कशी वजा होते, हे तिला समोर दिसेल. तिथून जवळच हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं ठेवत. आत हवा नसल्यामुळे कीड जगत नसे. २००५ च्या महापुरानं त्यातली बरीच पेवं निकामी केली. अन्नतंत्रज्ञान शिकणाऱ्यानं हे आवर्जून बघावं.

वेळेचं गणित आधी करून ठेवा. इथली कॉलेजं सुटतात मेच्या मध्यावर, आणि तिथे जूनमध्ये पाऊस येतो. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेचे पंचेचाळीस दिवस एप्रिल-मेमध्ये असत, त्यामुळे २०१६ मध्ये कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं आणि २०१८ मध्ये माणमधल्या टाकेवाडीनं श्रमदानाच्या बळावर पहिला नंबर काढला तेव्हा आपली मुलं परीक्षा देत होती. २०२२ पासूनची फार्मर कप ही गटशेतीची स्पर्धा मात्र खरिपात चालते, म्हणजे नेमकी आपल्या सुट्टीत. जूनमध्ये सोयाबीनची, माण-जतकडे बाजरीची पेरणी. जुलैत पाटण-शिराळ्याला चिखलात भातलावण. मध्येच ज्ञानोबांची पालखी लोणंद-फलटणवरून जाते, त्यासाठी मालकाकडे दोन दिवसांची रजा मागावी. ओसीआय कार्ड असेल तर अशा कामाला सहसा अडचण येत नाही. पर्यटक व्हिसावर नोकरी चालत नाही, हे लक्षात असू द्या.

या कामात आपल्या मुलाला बरोबरीचा एक मुलगा भेटेल, ज्याच्यापुढे उन्हाळ्यात काय करू हा प्रश्न कधी आलेलाच नसतो. तासगावकडचा असेल तर बेदाण्याच्या शेडवर, विट्याकडचा असेल तर परराज्यात मामाच्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या दुकानात, नाहीतर अभ्यासिकेत एमपीएससीची पुस्तकं घेऊन. नव्या शैक्षणिक धोरणामुळे तिथल्या अभ्यासक्रमातही आता ऑन जॉब ट्रेनिंग आलं आहे. पण चांगलं काम पुण्यात, ते बहुधा बिनपगारी, आणि खोलीभाडं व मेसचे पैसे महिन्याच्या महिन्याला द्यावेच लागतात. म्हणून शेतकऱ्याचा किंवा हमालाचा मुलगा गावातच कुठेतरी सही-शिक्का मिळवून मोकळा होतो. हुशारीत तो आपल्या मुलांपेक्षा तसूभरही कमी नसतो. त्याच्या हातात दोन महिन्यांचा खर्च नसतो, एवढाच फरक.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे. आपल्यातला जो कुणी मुलगा किंवा मुलगी असा उन्हाळा तिकडे काढेल, त्या प्रत्येकामागे सातारा-सांगलीतल्या एका विद्यार्थ्याचा पुण्यातला दोन महिन्यांचा राहण्या-जेवणाचा खर्च आपण उचलावा. पैसे त्याच्या कॉलेजमार्फत जावेत, समारंभ नको, फलक नको. दिवाळीच्या एका कार्यक्रमाचं जेवण साधं ठेवलं तरी सुरुवात होईल. पहिल्या विद्यार्थ्याचा खर्च मी देतो. दुसऱ्याचा कोण देणार, ते येत्या सर्वसाधारण सभेत सांगा.