पाण्यावरचा संसार

राहते घर विकून अमक्याने होडी घेतली, असे आमच्या मोहल्ल्यात कुणी सांगितले तर लोक आधी त्या माणसाच्या तब्येतीची चौकशी करतील. इंग्लंडमधल्या डर्बी शहरात मॉरिस आणि मॅरलिन बेली या नवरा-बायकोने नेमके हेच केले. तो छापखान्यात खिळे जुळवणारा, ती सरकारी करखात्यात नोकरीला. कल्पना बायकोची होती, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर अशा गोष्टींत बाईमाणूस नवऱ्यामागून फरफटत गेली असेच वाचणारे धरून चालतात.

बोट शिडाची, 31 फुटांची. आपल्या एसटीच्या लाल गाडीहूनही आखूड. झोपणे, स्वयंपाक, शिधा, पिण्याचे पाणी, सगळे तेवढ्यातच. दोघांच्या नावांचे तुकडे जोडून तिचे नाव ठेवले 'ऑरलिन'. जून 1972 मध्ये त्यांनी साउदॅम्प्टन बंदर सोडले. न्यूझीलंडला जाऊन तिथेच स्थायिक व्हायचे आणि वाटेत बेटामागून बेट पाहत जायचे, असा बेत. अटलांटिकवर कॅनरी बेटांच्या बाजूने वेस्ट इंडीजकडे व्यापारी वारे वाहतात, हे भूगोलाच्या तासाला मुले पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. या दोघांचा संसार त्याच वाऱ्यावर पुढे सरकत होता. फेब्रुवारी 1973 मध्ये पनामा कालवा ओलांडून ते पॅसिफिकमध्ये उतरले. पुढचा मुक्काम गॅलापागोस बेटे.

बोटीवर संदेश पाठवायचा रेडिओ नव्हता. तो मॉरिसलाच नको होता. बाहेरच्या जगाची लुडबूड नको, म्हणून तर घर सोडले, असे त्याचे म्हणणे. मॅरलिनला पोहता येत नव्हते. ही हकीकत आम्ही नववीच्या वर्गात सांगितली तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मग रेडिओ नको हे ठरवताना तिला विचारलं होतं का?" वर्ग हसला, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. घरात ज्याला एखादी गोष्ट जास्त कळते त्याचाच शब्द अखेरचा ठरतो, मात्र त्या शब्दाला जीव सगळ्यांचाच बांधलेला असतो.

4 मार्च 1973 च्या सकाळी एका देवमाशाने बोटीला धडक दिली. पाण्याच्या पातळीखाली भोक पडले. शीड लावून पाहिले, कपडे, पांघरुणे कोंबून पाहिली. पाणी थांबेना. तासाभराच्या आत ऑरलिन बुडाली आणि तिच्याबरोबर त्यांचे घर, जमवलेले सगळे गेले. उरले काय? एक फुगवायचा रबरी तराफा, त्याला बांधलेली छोटी रबरी होडी, थोडे पाणी, काही डबे आणि हाताला लागल्या तेवढ्या वस्तू.

इथून पुढे घरातल्या कामांची वाटणी बदलली, आणि आम्हाला सगळ्यांत जास्त याचेच कौतुक वाटते. बोट चालवणे, ताऱ्यांवरून दिशा काढणे ही मॉरिसची विद्या. पण तराफ्याला ना शीड ना सुकाणू. ती विद्या तिथे फारशी कामाची राहिली नाही. तो खचला, पुढे आजारीही पडला. मग मॅरलिनने घर चालवायला घेतले. डबे मोजून रोजचा वाटा ठरवला. पावसाचे पाणी साठवले. मासे पकडायचा गळ नव्हता, तेव्हा सेफ्टीपिना वाकवून गळ केले. कासवे, मासे, समुद्रपक्षी, लहान शार्कसुद्धा, मिळेल ते कच्चेच खाल्ले. कागदाचे पत्ते करून दोघे खेळत. पोटात भुकेने पीळ पडलेला असताना ती कुठल्या जेवणाला काय काय करायचे याच्या याद्या लिहायची. रमजानच्या दुपारी इफ्तारीच्या दस्तरखानाचे बेत करणाऱ्या आमच्या भगिनींना हे नवल वाटणार नाही.

एक गंमतही झाली. गॅलापागोसच्या दिशेने ओढून नेतील म्हणून त्यांनी कासवांना दोरी बांधून पाहिली. पहिले बरोबर दिशेने निघाले. जोर वाढावा म्हणून दुसरे जुंपले, तर ते उलट्या बाजूला ओढू लागले. उपाय तिथेच संपला.

कासवापेक्षा माणसांनी जास्त निराश केले. एकामागून एक सात जहाजे दिसली आणि निघून गेली. इशाऱ्याचे काही फ्लेअर पेटलेच नाहीत. एवढ्या मोठ्या समुद्रात इवलासा तराफा कुणाला दिसावा? दर वेळी जहाज दिसेनासे झाले की मॉरिस जास्तच खचायचा, आणि मॅरलिन पुन्हा डबे मोजायला घ्यायची. आपण याला हिंमत म्हणतो. तिने बहुधा रोजचे काम म्हटले असते. पुढे तराफ्याची हवा राहीना, सारखी भरावी लागे. खाऱ्या पाण्याने अंगावर जखमा झाल्या. दोघे वाळून निम्मे झाले.

30 जून 1973 रोजी कोरियाचे 'वोल्मी 306' हे मासेमारी जहाज जवळून पुढे गेले आणि मग वळून परत आले. 118 दिवस झाले होते. त्या खलाशांनी त्यांना उचलून वर घेतले, खाऊपिऊ घातले आणि होनोलुलूला पोहोचवले.

घरी परतल्यावर दोघांनी मिळून पुस्तक लिहिले, ते 1974 मध्ये आले. एवढे सोसून जोडपे पाण्याचे नाव काढणार नाही असे आम्हाला वाटले असते. पण त्यांनी दुसरी बोट बांधून घेतली, नाव 'ऑरलिन 2', आणि तीतून थेट दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे, पॅटागोनियाला गेले. मॅरलिन 2002 मध्ये वारली. मॉरिस तिच्यामागे बरीच वर्षे एकटा जगला.

त्या दुसऱ्या बोटीचे बेत मात्र किनाऱ्यावर झाले नव्हते. बोट कशी असावी, शिधा कुठे ठेवावा, बरोबर काय काय घ्यावे, हे सगळे दोघांनी तराफ्यावरच, वाट पाहता पाहता, बोलून ठरवून ठेवले होते.