हळदीचा लेप आणि सुश्रुताचं नाव

परवा घरच्या कार्यात पुन्हा तेच! काकांचा मधुमेह पंधरा वर्षांचा, तळपायाला जखम, आणि मंडळींचा एकच घोष : "हळद-तूप लावा हो, आयुर्वेदिक आहे, अपाय तर नाही ना!"

आहे अपाय. मधुमेहात पायाची संवेदना कमी होत जाते. जखम दुखत नाही म्हणून बरी होतेय असं वाटतं, आणि लेपाखाली पू साठत राहतो.

हे आयुर्वेदाच्या नावावर तरी खपवू नका. हातापायांची बधिरता चरकाने प्रमेहाच्या पूर्वरूपातच सांगून ठेवलीये. प्रमेहपिडका, म्हणजे या रोगात उठणारी गळवं, चरक सात सांगतो, सुश्रुत दहा. पिकलेल्या पिडकेला सुश्रुत सरळ शस्त्र लावायला सांगतो. जखमेचे साठ उपक्रम मोजणारा माणूस तो! त्यात लेप आहे, तसं छेदन, भेदन, शोधनही आहे. आपण साठातला सोपा तेवढा उचलला. (कडू काढा आणि पथ्य यांचं नाव कार्यात कुणी काढलं नाही. जिलबी होती ना.)

कोरड्या त्वचेला खोबरेल लावा की, कोण नको म्हणतंय? फक्त बोटांच्या बेचक्यात नको, तिथे ओल राहून बुरशी धरते. आणि कढत पाण्याचा शेक मुळीच नको, पोळलेलं कळतसुद्धा नाही.

काका, रागावू नका. उद्या सकाळी रिक्षा घेऊन येतोय. आधी डॉक्टरांना पाय दाखवू, साखर तपासू. मग वैद्यांकडेही जाऊ, पण जखम उघडून बघणाऱ्या.