जायफळाच्या बेटावरून

इशाची नमाज आटोपून रात्री साडेनऊला आम्ही परभणीहून फोन लावतो, तेव्हा ग्रेनाडात दुपारचे बारा वाजलेले असतात. आमची भाची तिथे डॉक्टरकी शिकते. "बेटा, जेवलीस का?" हा आपाचा पहिला प्रश्न. भात-डाळ ती स्वतःच शिजवते. मांस हलाल असल्याची खात्री नसली की मासे आणि अंडी. आपण शीरखुर्म्यात घालतो ते जायफळ तिथल्या झेंड्यावर आहे. १८५७ पासून आपल्याकडचे मजूर त्या बेटावर नेले गेले, म्हणून रोटीही तिथे ओळखीची. शवविच्छेदनाच्या पहिल्या दिवशी तिचे हात थरथरले. बिस्मिल्लाह म्हणून तिने सुरी धरली.

आता शेजारी विचारतात, आमच्या मुलालाही पाठवू का? आम्ही १८ नोव्हेंबर २०२१ चे नियम दाखवतो. इंग्रजीतून किमान ५४ महिन्यांचे शिक्षण, त्याच संस्थेत १२ महिने इंटर्नशिप; परतल्यावर परीक्षा आणि पुन्हा १२ महिने इंटर्नशिप. कॅरिबियन कॉलेजांत बहुधा दोन वर्षे बेटावर आणि पुढचे शिक्षण अमेरिकेतल्या दवाखान्यांत होते. 'त्याच संस्थेत' ही अट तिथेच आडवी येते.

एजंटाने हे सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. भाची आता अमेरिकेच्या परीक्षेची तयारी करते आहे. परभणीत तिचा दवाखाना पाहण्याचे आपाचे स्वप्न लांबले. तुम्ही मात्र सातबारा गहाण ठेवण्याआधी नियम वाचा.